नागपुरात सफाईचा छोटा धंदा सुरू करताय? या चुका टाळा

फोनवर दर सांगणं ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. "टू बीएचके आहे, कितीत कराल?" असं कुणी विचारलं की नवा माणूस पटकन आकडा बोलून मोकळा होतो. मनीषनगरातला राहता फ्लॅट टू बीएचके, आणि बेसा रोडवरचा नुकताच रंगवलेला रिकामा फ्लॅटही टू बीएचकेच. पहिला तीन माणसं पाच-सहा तासांत उरकतात. दुसऱ्यात पुट्टी, रंगाचे शिंतोडे आणि खिडकीच्या ट्रॅकमध्ये घट्ट बसलेलं सिमेंट काढता काढता दुसरा दिवस उजाडतो. घर बघा, निदान व्हिडिओ कॉलवर संडास-बाथरूम, खिडक्या आणि किचनची चिमणी दाखवायला सांगा, मगच बोला.

हिशेबही बहुतेकांचा इथेच चुकतो. समजा तीन माणसांची मजुरी 600 प्रमाणे 1800, सामान 250, पेट्रोल 200, मशीनची झीज 150. खर्च झाला 2400. 25 टक्के नफा हवा म्हणून त्यात 600 मिळवून 3000 सांगितले, तर 3000 पैकी 600, म्हणजे 20 टक्केच हाती येतात. खर्च म्हणजे दराचे 75 टक्के धरून 2400 ला 0.75 ने भागा, उत्तर 3200 येतं. स्वतः पोछा मारणार असाल तरी आपली मजुरी धराच. ती सोडून काढलेला दर पुढे माणूस ठेवायची वेळ आली की परवडत नाही.

आता ॲसिड. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग दिसले की बाटली उघडायची, ही सवय धंदा बुडवते. संगमरवर, कोटा आणि शहाबादी हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. ॲसिड पडलं की फेस येतो, वरचा थर विरघळतो आणि चमक जाते. ती कुठल्याही लिक्विडने परत येत नाही, घासून पॉलिशच करावं लागतं, आणि त्याचे पैसे ग्राहक तुमच्याकडूनच मागणार. दगड ओळखू येत नसेल तर कपाटामागच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाच मिनिटं थांबा. बुडबुडे आले किंवा जागा निस्तेज पडली, तर तिथे ॲसिड नको. नळ आणि शॉवरच्या काचेवरच्या क्षारासाठी एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) पुरतं: लावा, दहा मिनिटं थांबा, साध्या पाण्याने धुवा. फक्त ते ओघळून दगडी ओट्यावर जाऊ देऊ नका.

टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा ॲसिड असतं. त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या बादल्यांत ठेवा. असं मिश्रण झालंच तर वर काही ओतत न बसता माणसांना आधी बाहेर काढा.

फरशी चिकट लागते आणि पावलांचे ठसे उमटतात, अशी तक्रार आली तर कारण जवळजवळ नेहमी लिक्विड जास्त झालेलं असतं. बाटलीवर 1:20 लिहिलं असेल तर एक लिटर पाण्याला 50 मिली, अंदाजाने धार नाही. साध्या पाण्याने दोनदा पुसून घेतलं की बरंच निघतं. इतवारीच्या ठोक बाजारातून पाच लिटरचा कॅन आणणार असाल तर मापाचा पेला आधी घ्या.

बांधकामानंतरच्या सफाईत ओला पोछा आधी फिरवला तर सिमेंटची धूळ चिखल होऊन सांध्यांत बसते. म्हणून आधी व्हॅक्यूम. ही धूळ फिल्टर लवकर तुंबवते आणि मोटर तापते, त्यामुळे प्रत्येक खोलीनंतर फिल्टर झटका. काचेवरच्या रंगाला ब्लेड लावण्याआधी काच ओली करा, कोरडी खरवडली की चरे पडतात.

मे महिन्यात उन्हात तापलेली काच पुसायला घेतली तर पुसण्याआधीच पाणी सुकतं आणि पट्टे राहतात. सकाळी पश्चिमेच्या खिडक्या, दुपारनंतर पूर्वेच्या. अंगमेहनतीचं काम सात ते अकरात संपवा. आपल्याकडे मार्चपासून कूलरची सफाई आणि ताट्या (बाजूचे गवती पॅड) बदलणं हे हमखास काम मिळतं, पण नुसतं बटण बंद करून टाकीत हात घालू देऊ नका. प्लग काढलेला स्वतः डोळ्यांनी बघा.

कागदपत्रांची धास्ती घेऊ नका. उद्यम (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देण्याची गरज नाही. थोडेच कामगार असतील तर गुमास्त्यासाठी (दुकान-आस्थापना नोंदणी) ऑनलाइन सूचना पुरते. नुसत्या सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी.

काम हाती घेताना आधीचे फोटो काढा. कपाटं आणि देवघर मालकानेच रिकामं करायचं, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

आणि "जाताजाता सेप्टिक टँकही बघून घ्या" असं कुणी म्हटलं तर दोनशे-पाचशेच्या मोहात माणूस आत उतरवू नका. आतला वायू दिसत नाही आणि क्षणात शुद्ध हरपते. हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं हा गुन्हाही आहे. सक्शन गाडीवाल्याचा नंबर द्या आणि आपला पोछा उचला.