रोख २,००१ रुपयांची देणगी आणि ८०जीची वजावट

सोलापुरात जानेवारीत गड्डा यात्रा भरते आणि आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर अन्नछत्रे उभी राहतात; दोन्ही वेळी पावतीपुस्तके घेऊन कार्यकर्ते दुकानोदुकानी फिरतात. घेतलेल्या प्रत्येक पावतीवर आयकरात वजावट मिळते, असा समज बाजारपेठेत सर्रास आढळतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाला लागू असलेल्या आयकर अधिनियम १९६१ च्या कलम ८०जीनुसार, म्हणजे देणगीवरील वजावटीच्या कलमानुसार, तसे नाही.

पहिला प्रश्न करप्रणालीचा आहे. ही वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत सर्वसाधारण दराने करपात्र असलेल्या १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होत असल्याने, अनेक नोकरदारांनी केवळ देणगीसाठी जुनी प्रणाली निवडणे व्यवहार्य ठरत नाही. गृहकर्जाचे व्याज, घरभाडे भत्ता आणि विमा यांच्या वजावटी मोठ्या असतील तरच दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. यंत्रमागधारक किंवा व्यापारी असाल, तर जुनी प्रणाली निवडण्यासाठी विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो.

त्यानंतर संस्था तपासावी. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी आणि ८०जीची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे पावतीवर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक छापलेला असला तरी तेवढ्याने वजावट मिळत नाही. संस्थेकडे ८०जी मान्यतेचा आदेश मागावा, त्यावरील पॅन जुळवावा आणि मान्यतेची मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे. मागायला संकोच वाटतो खरा, पण नीट कारभार असलेली संस्था तो लगेच दाखवते.

देणगी कशी दिली, यावर बरेच अवलंबून आहे. वर एक रुपया ठेवून देण्याची आपली रीत आहे. मात्र कायद्यानुसार २,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिल्यास तिची वजावट मिळत नाही. म्हणजे रोख २,००१ रुपये दिल्यास वरचा रुपयाच नव्हे, तर सगळीच रक्कम वजावटीतून बाद होते. रोख द्यायचे असल्यास १,००१ द्यावेत, अन्यथा धनादेश, यूपीआय किंवा बँक हस्तांतरण वापरावे आणि पैसे स्वतःच्याच खात्यातून जातील याची काळजी घ्यावी. थंडीत वाटलेल्या चादरी किंवा अन्नछत्राला दिलेले धान्य हे पुण्याचे काम असले, तरी वस्तुरूप दानाला ८०जी लागू होत नाही.

पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी किंवा मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेल्या संपूर्ण रकमेची वजावट मिळते. बहुतेक स्थानिक ट्रस्टांच्या बाबतीत मात्र निम्मीच रक्कम वजा होते, आणि तीही समायोजित एकूण उत्पन्नाच्या, म्हणजे इतर वजावटी वगळून उरलेल्या उत्पन्नाच्या, १० टक्के मर्यादेत. समजा, पगाराचे एकूण उत्पन्न १६,५०,००० रुपये असून भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा अशा बचतीसाठीच्या कलम ८०सीखाली १,५०,००० वजा झाले, तर १५,००,००० उरतात आणि मर्यादा १,५०,००० ठरते. अशा व्यक्तीने अशा ट्रस्टला २,००,००० दिले, तरी हिशेबात १,५०,०००च धरले जातात, वजावट ७५,००० मिळते आणि ३० टक्के कर व ४ टक्के उपकर धरता २३,४०० रुपये वाचतात. उरलेले ५०,००० पुढील वर्षी ओढता येत नाहीत.

मान्यताप्राप्त ट्रस्टच्या देणगीसाठी साध्या पावतीपेक्षा फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचे प्रमाणपत्र, महत्त्वाचा आहे. संस्थेने देणगीदारांचे विवरण फॉर्म १०बीडीमध्ये ३१ मेपर्यंत भरून हे प्रमाणपत्र द्यायचे असते. विवरणपत्रातील ८०जी अनुसूचीत संस्थेचे नाव, पत्ता, पॅन आणि रोख व अन्य मार्गाने दिलेली रक्कम वेगवेगळी लिहावी. प्रमाणपत्र विवरणपत्राला जोडावे लागत नाही, परंतु नोटीस आल्यास ते बँकेच्या नोंदीसह दाखवावे लागते. त्यावर आपला पॅन किंवा रक्कम चुकलेली दिसली, तर विवरणपत्र भरण्याआधीच संस्थेला सुधारित १०बीडी भरायला सांगावे.