संगीतावर उजळणारे दिवे जोडताना या चुका टाळा

गणपतीच्या मखरासाठी गाण्याच्या तालावर उजळणारे दिवे घरी जोडणारे पुष्कळ जण एकाच ठिकाणी अडकतात: खर्ज, मध्य आणि तार स्वर वेगळे करणारे तीन फिल्टर लावूनही तिन्ही रंगांच्या एलईडी पट्ट्या एकदमच लागतात आणि एकदमच विझतात. अशा वेळी फिल्टरचे कपॅसिटर बदलत बसू नये, कारण दोष बहुधा फिल्टरच्या पुढच्या जोडणीत असतो.

खर्जाच्या फिल्टरसाठी १० किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतल्यास हिशेबाने सुमारे १५९ हर्ट्झच्या वरचे स्वर दबत जायला हवेत. पण तिथूनच १ किलोओहममधून थेट पट्टी चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरचा बेस (नियंत्रणाचा पाय) जोडला, तर ट्रान्झिस्टर चालू होताच हा भार कपॅसिटरला समांतर येतो, परिणामी रोध ९०९ ओहमच्या आसपास उतरतो आणि सीमा जवळपास १,७५० हर्ट्झवर सरकते. ढोलासाठी राखलेला दिवा मग गायकाच्या आवाजावरही लागतो. शिवाय सिग्नल अकराव्या हिश्श्यावर येतो. एलएम ३५८ या आयसीत दोन ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणारी सर्किटे) असतात; त्यातला एक बफर म्हणून, म्हणजे फिल्टरवर भार न टाकता सिग्नल पुढे देण्यासाठी, आणि दुसरा सिग्नल वाढवण्यासाठी वापरला, की दोन्ही तक्रारी मिटतात.

१२ व्होल्टच्या एकेरी (उणे व्होल्ट नसलेल्या) पुरवठ्यावर ऑप-ॲम्पचा इनपुट दोन समान रेझिस्टरनी ६ व्होल्टवर ठेवावा, अन्यथा लहरीचा खालचा अर्धा भाग कापला जातो. हेच ६ व्होल्ट पुढे लहरीची एकच बाजू जाऊ देणाऱ्या डायोडकडे जाऊ न देण्यासाठी मध्ये कपॅसिटर घालावा. तो नसला, तर दिवा गाण्याविनाही पेटलेला राहतो. डायोडनंतर १ मायक्रोफॅरड आणि १०० किलोओहम समांतर लावल्यास उजेड दशांश सेकंदात ओसरतो, आणि डोळ्यांना तेवढे पुरते.

माझ्या पहिल्या जोडणीत एक पट्टी शांततेतही धडधडत होती. पट्टीचा एक-सव्वा अँपिअर प्रवाह आणि ऑडिओचे ग्राउंड (शून्य व्होल्टची परतीची वाट) एकाच बारीक तारेतून परतत होते. दोन तारा वेगळ्या करून पुरवठ्यापाशीच जोडल्यावर धडधड थांबली.

सिग्नल स्पीकरवरून घेणार असाल, तर आधी ॲम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचा, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही तारा चालवणारा, नाही ना, हे पाहावे. त्याच्या स्पीकरची एकही तार ग्राउंड नसते, आणि ती ग्राउंडला जोडल्यास ॲम्प्लिफायरची आयसी जळू शकते. २३० व्होल्टचे दिवे चालवायचे असल्यास मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पोहोचवून दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा भाग) हवाच, नाहीतर फोनच्या पिनेपर्यंत घरची वीज पोहोचू शकते.