परत फिरायची वेळ आधीच ठरवा

डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात मुलांना घेऊन पायवाटेला लागताना नुसते किलोमीटर बघू नका, चढ किती आहे तेही बघा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशोब अजून कामाला येतो : दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. पण हा हिशोब धडधाकट माणसाचा, तोही न थांबता चालणाऱ्याचा. सहा वर्षांचं पोर सोबत असेल तर मी सरळ दुप्पट धरते. दिसेल त्या ओढ्यात दगड टाकल्याशिवाय ते पुढे हलत नाही.

निघतानाच परतीची वेळ ठरवा आणि ती मुलांनाही सांगा. माथा समोर दिसत असला तरी त्या वेळेला मागे वळायचं. उन्हाळ्यात डोंगरात ढग आणि विजा बहुधा दुपारनंतरच जमतात. दर १००० मीटरला तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं, तेव्हा स्वेटर पाठीवरच्या पिशवीत हवा. गाडीत राहिलेला काय कामाचा?