मिनिएचरवर गुळगुळीत प्रायमर कसा मारावा

मिनिएचर म्हणजे रंगवायचं छोटं मॉडेल आणि प्रायमर म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी मारायचा थर. साच्याच्या रेघा (साच्याचे भाग जुळतात तिथे मॉडेलवर उमटलेल्या) खरवडून काढा, मॉडेल कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. रेझिनच्या मॉडेलला धुणं टाळूच नका. साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेलकट द्रव्य अंगावर राहिलं तर प्रायमर पुढे सालपटासारखा निघतो. मग मॉडेल काठीवर किंवा जुन्या बाटलीच्या झाकणावर चिकटवा, म्हणजे फिरवताना बोट लागत नाही.

प्रायमरचा स्प्रे कॅन हलवा. आतली गोळी वाजायला लागल्यापासून पूर्ण 2 मिनिटं. इथे घाई केली तर रंगद्रव्य तळाशीच राहतं.

आता फवारणी. खरी अडचण इथेच आहे आणि मलाही सगळ्यात जास्त याच टप्प्याने छळलं. प्रायमर सुकल्यावर चेहऱ्यावर, झग्यावर बारीक वाळू बसल्यासारखी दिसते. वर वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) लावला की ती वाळू आणखी उठून दिसते. यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘अजून लांबून मारा, थर पातळ बसेल.’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. लांबून मारलं की थेंब हवेतच अर्धे सुकतात आणि मॉडेलवर ओला रंग न पडता कोरडी पूड येऊन चिकटते. खरखर येते ती यातूनच. प्रायमर मॉडेलवर ओलाच पोचला पाहिजे, म्हणजे तो क्षणभर पसरतो आणि मग आकसून तपशिलांना घट्ट बसतो.

म्हणून कॅन साधारण 20 ते 25 सेंटिमीटरवर धरा. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करा, हात न थांबवता मॉडेलवरून न्या आणि पलीकडे गेल्यावरच बोट उचला. नोझल दाबताना आणि सोडताना मोठे थेंब उडतात, ते मॉडेलवर पडू द्यायचे नाहीत. एका जागी हात थांबला की डोळे, बोटं, साखळीची कडी, सगळं रंगात बुडतं. पहिल्या हातात (थरात) मॉडेल पूर्ण झाकण्याचा हट्ट धरू नका. खालचं प्लास्टिक थोडं दिसत राहिलं तरी चालेल. 10-15 मिनिटांनी मॉडेल फिरवून दुसरा हात द्या. काखेत आणि झग्याच्या आतल्या बाजूला खालून तिरका फवारा मारा. तरीही कोपरे राहिलेच तर ते ब्रशने भरा. तेवढ्यासाठी पूर्ण मॉडेलवर तिसरा हात कशाला?

हवेकडे दुर्लक्ष करणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं. कडक उन्हात किंवा वारा असताना अंतर बरोबर असूनही पूड बसते. दमट हवेत उलटं होतं: द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी जमतं आणि थर पांढुरका, धुरकट दिसतो. पाऊस पडत असेल तर कॅनला हात लावू नका. एअरब्रश (दाबाच्या हवेने रंग फवारणारं छोटं यंत्र) असेल तर घरात काम करा, नाहीतर थांबा. गार हवेत कॅन काही मिनिटं कोमट पाण्यात ठेवून, पुसून वापरला तर फवारा बारीक येतो. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतकंच. गरम पाण्याने आतला दाब वाढून कॅन फुटू शकतो.

पांढऱ्या प्रायमरची खरखर सगळ्यात लवकर येते. नवशिक्याने करड्यापासूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. करड्यावर चुकाही नीट दिसतात.

पहिला फवारा नेहमी टाकाऊ पुठ्ठ्यावर किंवा मॉडेलचे भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेममध्ये जोडलेले येतात तिच्या तुकड्यावर मारून बघा. काम मोकळ्या हवेत करा आणि सेंद्रिय वाफा अडवणारे फिल्टर असलेला मास्क लावा. धुळीचा साधा मास्क या वाफा अडवत नाही. कॅनमधला वायू पेट घेतो, त्यामुळे जवळ ज्योत नको.

संपल्यावर कॅन उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत नोझल दाबा, म्हणजे ती तुंबत नाही. मॉडेल रात्रभर सुकू द्या. हलकी खरखर कोरड्या, मऊ टूथब्रशने घासली तर निघते. जास्त असेल तर त्यावर रंगाचे थर चढवून ती झाकली जाणार नाही. प्रायमर उतरवा आणि पुन्हा मारा.