लडलोला वीकेंडला जाताय? शनिवारची सकाळ बाजारासाठी ठेवा

यूकेत राहणाऱ्यांनी श्रॉपशरमधलं लडलो एकदा तरी करावंच, पण शक्यतो शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला पोचा. कारण बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो, अगदी किल्ल्याच्या दारातच, आणि रविवारी पोचलात तर खरी मजा हुकलीच समजा. श्रूजबरी आणि हेरफर्ड दोन्हीकडून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आसपास, स्टेशनवरून गावात चालतच जाता येतं, त्यामुळे गाडी नसली तरी काही अडत नाही.

बाजारातून ब्रेड, चीज, फळं घ्या आणि मग किल्ला बघा. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर 1502 मध्ये इथेच वारला, तो जगला असता तर हेन्री राजा झालाच नसता!

सेंट लॉरेन्स चर्च मात्र घाईत उरकू नका. तिथल्या जुन्या लाकडी सीट्स उचलल्या जातात, त्यांच्या खालच्या बाजूला कोरीवकाम आहे, वाकून नीट बघा, एकात गिऱ्हाइकांना मापात फसवणाऱ्या बिअरवालीला सैतान नरकात घेऊन चाललेत, मला तर किल्ल्यापेक्षा हेच जास्त आवडतं. 135 फुटी टॉवरवर चढायचं असेल तर गुडघे धड हवेत, जिना अरुंद आणि गोल आहे.

संध्याकाळी डिनम ब्रिजवरून टीम नदी ओलांडून व्हिटक्लिफच्या टेकडीवर जा, अख्खं गाव आणि किल्ला समोर दिसतो. सप्टेंबरात फूड फेस्टिव्हल असतं, तेव्हा जाणार असाल तर रूम खूप आधी बुक करा.