सुरुवातीच्या स्टार्टअपने वेबसाइटचे ट्रॅफिक कसे मोजावे आणि कसे वाढवावे

नव्या कंपनीची वेबसाइट सुरू झाली की संस्थापकांचे लक्ष आधी एकूण भेटींच्या आकड्याकडे जाते. सुरुवातीच्या काळात हाच आकडा सर्वांत कमी उपयोगाचा असतो. आलेला माणूस कोठून आला आणि आल्यावर त्याने काय केले, हे कळत नसेल, तर आकडा वाढो वा घटो, त्यावरून कोणताही निर्णय घेता येत नाही.

उदाहरणादाखल विलेपार्ल्यातील एक कंपनी कल्पून घेऊ. मुंबईतील गृहनिर्माण सोसायट्यांना मेंटेनन्सची बिले आणि हिशेब ठेवण्याचे सॉफ्टवेअर ती पुरवते आणि सोसायटीचे सेक्रेटरी व खजिनदार हे तिचे ग्राहक आहेत. या कंपनीने मोजणीला हात घालण्यापूर्वी वेबसाइटवरील कोणती कृती खरी मोलाची आहे, हे ठरवले पाहिजे. डेमोचा फॉर्म भरणे, फोन क्रमांकावर टॅप करणे किंवा व्हॉट्सॲपचे बटण दाबणे, यांपैकी एक किंवा फार तर दोन कृती निवडाव्यात आणि गूगल ॲनालिटिक्स या भेटी मोजणाऱ्या साधनामध्ये त्यांची ‘की इव्हेंट’, म्हणजे महत्त्वाची कृती, म्हणून नोंद करावी.

ॲनालिटिक्सची जुनी पद्धत 1 जुलै 2023 पासून बंद झाली असून सध्याच्या जीए-फोरमध्ये, म्हणजे ॲनालिटिक्सच्या चौथ्या आवृत्तीत, प्रत्येक गोष्ट ‘इव्हेंट’ म्हणूनच मोजली जाते. खाते उघडतानाच काही सेटिंग तपासून घ्याव्यात. वेळ भारतीय प्रमाणवेळेवर नसेल तर भेटी भलत्याच तारखेला दिसतात. सखोल विश्लेषणासाठीची माहिती मुळात फक्त 2 महिने साठवली जाते. ती मुदत 14 महिन्यांपर्यंत वाढवता येते आणि ती पहिल्याच दिवशी वाढवावी. कार्यालयातून होणाऱ्या स्वतःच्या भेटी गाळणेही तितकेच आवश्यक आहे, कारण चार जणांची टीम दिवसभर आपलीच वेबसाइट उघडून पाहत असेल, तर सुरुवातीच्या ट्रॅफिकचा मोठा हिस्सा तिचाच असतो.

खरा घोळ होतो तो ‘डायरेक्ट’ या रकान्यात. पत्ता स्वतः टाइप करून आलेले लोक तेथे असावेत, अशी आपली समजूत असते. पण ज्या भेटीचा स्रोत ओळखता येत नाही, ती प्रत्येक भेट त्याच रकान्यात जाते. आपल्याकडे तर निम्मा व्यवहार व्हॉट्सॲपवर चालतो. मुलुंडच्या एखाद्या सेक्रेटरीने आपली लिंक दुसऱ्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आणि तेथून लोक आले, तर बहुधा त्या भेटी ‘डायरेक्ट’ म्हणूनच दिसतील. म्हणून आपण स्वतः पाठवत असलेल्या प्रत्येक लिंकला यूटीएमची शेपटी, म्हणजे भेट कोठून आली हे ॲनालिटिक्सला सांगणारा मजकूर, जोडावी. तिच्यात सोर्स (स्रोत), मीडियम (माध्यम) आणि कॅम्पेन (मोहीम) हे तीन भाग भरले तरी पुरते. सोसायटीच्या सूचना फलकावर लावलेल्या क्यूआर कोडची लिंक वेगळी, ग्रुपवर पाठवलेली वेगळी आणि ईमेलमधली वेगळी असावी. या नावांत मोठ्या आणि लहान इंग्रजी अक्षरांचा फरक धरला जातो; एकाने मोठे अक्षर वापरले आणि दुसऱ्याने लहान, तर एकाच स्रोताचे दोन वेगळे स्रोत होतात. त्यामुळे नावे कशी लिहायची हे एका सामाईक शीटमध्ये नोंदवून सर्वांनी तेच पाळावे. मात्र आपल्याच वेबसाइटमधील अंतर्गत लिंकांना ही शेपटी कधीही लावू नये, कारण मग मूळ स्रोताचा माग हरवतो.

ट्रॅफिक वाढवण्यासाठी सर्वांत जास्त वेळ द्यावा तो गूगल सर्च कन्सोलला. ते मोफत आहे, त्यात 16 महिन्यांपर्यंतची माहिती राहते, आणि लोकांनी काय शोधल्यावर आपले पान दिसले, किती वेळा दिसले व किती जणांनी त्यावर क्लिक केले, हे सारे तेथे दिसते. यादी उघडली की लोक खरोखर कसे विचारतात ते कळते. कोणी देवनागरीत शोधतो, कोणी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो, तर कोणी सरळ इंग्रजीत. आपल्या कंपनीच्या यादीत समजा ‘नॉन ऑक्युपन्सी चार्जेस किती घ्यावेत’ (सदनिका भाड्याने देणाऱ्या मालकाकडून सोसायटी घेते ते शुल्क) हा प्रश्न वारंवार दिसतो, पण क्लिक नगण्य आहेत. पान उघडून पाहावे तर शीर्षक आहे ‘आमच्या सेवा’ आणि उत्तर कोठेच नाही. अशा वेळी त्या प्रश्नासाठी स्वतंत्र पान लिहावे, प्रश्नच शीर्षकात ठेवावा आणि पहिल्याच परिच्छेदात उत्तर द्यावे: महाराष्ट्र शासनाच्या 2001 च्या आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाही आणि त्या हिशेबात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. त्याखाली एका सदनिकेचे बिल मांडून दाखवावे आणि मगच सॉफ्टवेअरचा उल्लेख करावा. ज्या खजिनदाराची अडचण आपण फुकट सोडवली, तो डेमो मागण्याची शक्यता कितीतरी अधिक, असे माझे ठाम मत आहे. दर आठवड्याला दहा उथळ लेख टाकण्यापेक्षा अशी मोजकी पाने नीट लिहिणे श्रेयस्कर.

वेगाकडे दुर्लक्ष करू नये. गर्दीच्या लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या दरम्यान रेंज जात-येत असताना पान उघडणाऱ्या माणसाचा विचार करावा. पानातील मुख्य भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्याच साधनामध्ये तो तपासता येतो. बहुतेकदा दोष मुखपृष्ठावरच्या अवजड फोटोचा असतो आणि तो लहान केला की काम भागते.

आकडे लहान असताना टक्केवारीवर विसंबू नये. 40 भेटींत 2 फॉर्म आले तर ते 5 टक्के आणि 3 आले तर 7.5 टक्के, हा सारा फरक एका माणसाचा आहे. बटणाचा रंग बदलून दोन नमुन्यांची तुलना करण्याचे प्रयोग या टप्प्यावर व्यर्थ आहेत. त्यापेक्षा फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला फोन करून आमच्याविषयी कोठे कळले आणि वेबसाइटवर काय सापडले नाही, हे विचारावे. ते उत्तर यूटीएमच्या नोंदीशेजारी लिहून ठेवावे. दोन्हींत तफावत आढळली तर माणसाच्या शब्दाला अधिक वजन द्यावे. मात्र 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे भान ठेवून फॉर्ममध्ये गरजेपुरतीच माहिती मागावी आणि ती कशासाठी घेतो हे तेथेच स्पष्ट लिहावे.

तुलना करताना धंद्याचा हंगामही पाहावा लागतो. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते आणि सोसायट्यांना वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, त्यामुळे त्याआधीच्या महिन्यांत हिशेबाविषयीचे शोध वाढणे आणि ऑक्टोबरमध्ये ओसरणे स्वाभाविक आहे. या कंपनीने ऑक्टोबरची तुलना सप्टेंबरशी न करता, माहिती उपलब्ध होताच मागील ऑक्टोबरशी करावी. शीर्षक बदलले, नवे पान टाकले, फलकावर क्यूआर कोड लावला, अशा प्रत्येक बदलाची तारीख त्याच सामाईक शीटमध्ये लिहावी, म्हणजे आलेख कधी आणि कशामुळे हलला याचा उलगडा पुढच्या वर्षीही करता येईल.