झाडाचा घेर मोजताना टेप कुठे आणि कशी धरावी

फायबरची लांब टेप, बरोबर 1.37 मीटरची सरळ काठी, खडू आणि वही एवढं सामान पुरतं. शिंप्याची टेप 150 सेंमीला संपते, जुन्या आंब्याला ती अपुरी पडते. सुताराची स्टीलची टेप खोडाला चिकटून वळत नाही. सुतळी गुंडाळून नंतर पट्टीवर मोजण्याचा शाळेतला सल्ला पेल्यापुरता ठीक. झाडाला गुंडाळलेली सुतळी ओढली की ताणते, सोडली की आखडते, मग आकडा हाताच्या जोरावर ठरतो.

उंची ठरवा

घेर जमिनीपासून ज्या ठरावीक उंचीवर मोजतात तिला 'छातीची उंची' म्हणतात. भारतात वनखात्याची ही उंची 1.37 मीटर, म्हणजे साडेचार फूट. बऱ्याच देशांत 1.30 मीटर धरतात, त्यामुळे तिकडच्या आकड्यांशी तुलना करताना आधी ते पाहून घ्या. ही उंची स्वतःच्या छातीवरून घेऊ नका. पाच फुटी आणि सहा फुटी माणसाच्या छातीत जवळजवळ वीतभर फरक पडतो. रस्त्याकडेच्या झाडांवरचे गेरू-चुन्याचे पट्टेही खुणेला धरू नका, ते रंगवणाऱ्याच्या हाताला येईल त्या उंचीवर असतात.

पाचोळा सारून काठी पक्क्या जमिनीवर टेकवा. उतारावर चढाकडच्या बाजूने मोजा. झाड कललेलं असेल तर ज्या बाजूला झुकलंय त्या बाजूने, खोडाला समांतर काठी धरा. झाड पारावर असेल तर पाराच्या वरच्या पातळीपासून मोजा आणि तसं वहीत लिहा.

टेप फिरवा

काम बिघडतं ते इथे. 'खोडाभोवती टेप गुंडाळा' एवढं सांगून लोक मोकळे होतात, पण मागच्या बाजूला टेप कुठे गेली ते समोरच्याला दिसतच नाही. ती जवळजवळ नेहमीच खाली घसरलेली असते. घेर 200 सेंमी असेल आणि मागे टेप वीतभर खाली गेली, तर टेप सुमारे 20 अंशांनी तिरकी होते आणि आकडा 6 सेंमीच्या आसपास वाढतो. तिरकी टेप घेर कधीच कमी दाखवत नाही, नेहमी जास्तच दाखवते. त्यामुळे चार वेळा मोजून सरासरी काढल्याने ही चूक जात नाही. चार मापांपैकी सर्वांत मोठं घेऊन 'सुरक्षित' राहणं तर त्याहून वाईट. टेप नीट ताणलेली असेल, तर सर्वांत लहान मापच खऱ्याच्या जवळ असतं.

उपाय साधा आहे. आधी खडूने चार बाजूंना खुणा करा, मगच टेप लावा. सपाट जमिनीवर काठी चारही बाजूंना टेकवून खुणा होतात. उतारावर तसं करू नका, नाहीतर खुणा उताराबरोबर खाली उतरतील. चढाकडे एकच खूण करा आणि तिची पातळी गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने इतर बाजूंना न्या. कललेल्या खोडाला मात्र ही नळी चालत नाही. तिथे टेप जमिनीला समांतर नको, खोडाला काटकोनात हवी. दोघं असाल तर दुसऱ्याला झाडामागे उभं करा.

दुसरा घोटाळा शून्याचा. लांब टेपच्या टोकाला कडी असते. काही टेपांवर शून्य कडीच्या बाहेरच्या कडेपासून धरलेलं असतं, काहींवर पट्टीवर छापलेलं असतं. हे न पाहता मोजलं की प्रत्येक झाडात तेवढीच चूक शिरते. कडीचा नादच सोडा. 10 सेंमीच्या रेघेपासून मोजायला सुरुवात करा आणि आलेल्या आकड्यातून 10 वजा करा. दोन्ही टोकं एकावर एक चढवू नका, शेजारी-शेजारी आणा. टेप ताठ हवी, पण साल दबेल इतकी नको.

सागाच्या बुंध्याला खाचा असतात. टेप खाचेत दाबू नका, उंचवट्यांवरून सरळ जाऊ द्या. गुळवेल वगैरे वेली टेपखालून बाजूला करा, पण साल खरवडू नका. खाजकुयली दिसली तर ते झाड दुसऱ्या ऋतूत मोजा.

सरळ नसलेली झाडं

1.37 मीटरच्या खाली दुबेळकं फुटलं असेल तर दोन खोडं वेगळी मोजा. नेमक्या त्याच उंचीवर फुटलं असेल तर फाट्याखाली, जिथे फुगवटा संपतो तिथे मोजा आणि ती उंची लिहा. गाठ असेल तर तिच्या वर आणि खाली सारख्याच अंतरावर मोजून सरासरी घ्या. काटेसावरीच्या मोठ्या झाडाला बुंध्याशी आधारमुळांच्या भिंती असतात, तिथे त्या संपतात त्याच्या वर मोजा. वडाच्या खोडात एकजीव झालेल्या पारंब्या धरा, सुट्या सोडा, आणि काय धरलं ते नोंदवा. ही नोंद नसेल तर पुढच्या माणसाला तुमचा आकडा निरुपयोगी.

हिशेब

व्यास हवा असेल तर घेराला 3.14 ने भागा. लाकूड बाजारात ओंडका 'चौथाई घेरा'ने मोजतात: घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी. 4 फूट घेराचा, 10 फूट लांब ओंडका या हिशेबात 10 घनफूट भरतो, प्रत्यक्षात त्यात सुमारे 12.73 घनफूट लाकूड असतं. विकणाऱ्याने हे माहीत ठेवावं.

घेरावरून वय काढू नका. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' ठरवलं, तेव्हापासून 'इतका घेर म्हणजे इतकी वर्षं' अशी गणितं सर्रास चालतात. विहिरीकाठचा आणि मुरमाड माळावरचा कडुनिंब एकाच वर्षी लावलेले असले तरी त्यांचा घेर सारखा नसतो.

दरवर्षी वाढ मोजायची असेल तर त्याच महिन्यात मोजा, कारण पावसाळ्यात खोड फुगतं आणि उन्हाळ्यात थोडं आकसतं. मापाच्या जागी खिळा ठोकू नका, तिथेच गाठ येते. रंगाची बारीक रेघ पुरते.